एकवीस पानांसाठी

हरितालिकेच्या आदल्या दिवशी शहरातल्या मंडईबाहेर पत्रीचे ढीग लागतात. ओल्या गोणपाटावर हिरवा पाला, त्याचे मुठीएवढे वाटे, वर दूर्वांची जुडी, जमलंच तर केवड्याच्या पातीचा तुकडा. वीस ते पन्नास रुपयांत दोन दिवसांच्या पूजेची सोय होते. असा एखादा वाटा घरी आणून परातीत सोडून पाहावा. बेलाची तीन-चार पानं सापडतात, रुईचं एखादं जाड पांढुरकं पान, आघाड्याचा तुरा, तुळशीची मंजिरी. बाकीचा ऐवज म्हणजे पेरू, खोटा अशोक, सुबाभूळ, कधी कधी घाणेरीसुद्धा. एकवीस नावं घेत आपण देवाला वाहतो, त्यांतली जेमतेम सहा-सात खरी निघतात, उरलेली पानं नुसती हिरवी असतात. आणि त्या सहा-सातांसाठी कुठल्या तरी माळावरचा आघाडा मुळासकट उपटलेला असतो, बेलाच्या फांद्या कोयत्याने उतरवलेल्या असतात.

पावसाळ्यातल्या सणांबद्दल आपण पुष्कळ वाद घालतो. मूर्ती शाडूची की प्लास्टर ऑफ पॅरिसची, दहीहंडीचे थर किती, ढोल आणि स्पीकरच्या भिंती किती वाजाव्यात, यावर न्यायालयांचे निकाल आहेत. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने मूर्तिविसर्जनाबाबत २०१० साली मार्गदर्शक सूचना काढल्या आणि २०२० साली सुधारल्या. त्यांत पानाफुलांचा उल्लेख येतो तो विसर्जनाआधी ती बाजूला काढा, एवढ्यापुरता. ती पानं येतात कुठून, हा प्रश्न कुणी विचारत नाही. माझं म्हणणं असं की पत्री बंद करू नये, कमीही लेखू नये. पण ती बाजारातून काढून पुन्हा घराभोवतीच्या मातीत आणावी. हे एकट्या भाविकाच्या बळावर होणारं काम नव्हे. पालिकांची उद्यान खाती, देवस्थानं, गृहनिर्माण सोसायट्या, ग्रामसभा आणि पूजा सांगणारे गुरुजी यांनी ते हातात घ्यायला हवं.

आधी ती यादीच नीट पाहू. पार्थिव गणेशपूजनात एकेक नाम घेत एकेक पान वाहतात. सुमुखाला मालती, गणाधिपाला माका, उमापुत्राला बेल, गजाननाला पांढऱ्या दूर्वा, लंबोदराला बोर, हरसूनूला धोतरा, गजकर्णाला तुळस, वक्रतुंडाला शमी, गुहाग्रजाला आघाडा, एकदंताला डोरली, विकटाला कण्हेर, कपिलाला रुई, गजदंताला अर्जुन, विघ्नराजाला विष्णुक्रांता, बटूला डाळिंब, सुराग्रजाला देवदार, भालचंद्राला मरवा, हेरंबाला पिंपळ, चतुर्भुजाला जाई, विनायकाला केवडा आणि सर्वेश्वराला हादगा. पोथीपोथीत क्रम थोडा इकडेतिकडे होतो, पण यादी बहुतेक हीच.

हिच्यात घनदाट जंगलातलं जवळजवळ काहीच नाही. माका मोरीच्या पाण्यावर वाढतो. आघाडा, धोतरा, रुई, डोरली ही गावकुसाबाहेरची, उकिरड्याच्या आणि पडीक जागेच्या कडेची झाडं. दूर्वा म्हणजे शेताच्या बांधावरची हरळी, विष्णुक्रांता म्हणजे माळावरची जमिनीलगत पसरणारी इवलीशी वनस्पती. तुळस, मरवा, जाई, मालती, कण्हेर, डाळिंब, हादगा परसातले. बेल आणि पिंपळ देवळापाशी, बोर आणि शमी कोरडवाहू शेताच्या कडेला, अर्जुन नदीकाठी, केवडा ओढ्याला. घरातून निघून बांधावरून नदीपर्यंत जाऊन परत येईपर्यंत जे भेटेल, त्याची ही नोंद आहे. अपवाद एकट्या देवदाराचा. तो हिमालयात साधारण दीड हजार मीटरच्या वर वाढतो, सह्याद्रीत नाही. आपल्या बाजारात देवदार म्हणून हातात पडतं ते दुसऱ्याच कसल्या तरी झाडाचं पान असतं. त्याला उपाय पूजाविधीतच आहे. जो उपचार हाताशी नाही त्याच्या जागी ‘अक्षतान् समर्पयामि’ म्हणून अक्षता वाहायच्या. वस्त्राच्या, अलंकाराच्या जागी हे आपण दरवर्षी बिनदिक्कत करतो. पानांच्या बाबतीत मात्र संख्या भरलीच पाहिजे असा हट्ट धरतो आणि संख्या भरायला पेरू चालवून घेतो. त्यापेक्षा ओळखीची नऊ पानं आणि बारा वेळा अक्षता, ही पूजा अधिक खरी.

श्रावण-भाद्रपदात हीच झाडं पुन्हा पुन्हा लागतात. आघाडाच घ्या. श्रावणातल्या शुक्रवारी जिवतीला आघाडा-दूर्वांची माळ, मंगळागौरीच्या सोळा पत्रींत आघाडा, चतुर्थीला गणपतीला आघाडा, ऋषिपंचमीला दात घासायला आघाड्याच्या काड्या, गौरी आणतानाही बऱ्याच घरांत त्याची जुडी. सोमवारी बेल, मंगळागौरीला पुन्हा बेल, हरितालिकेला पुन्हा बेल. म्हणजे प्रश्न एका दिवसाच्या खरेदीचा नाही. सहा-सात आठवडे ठरावीक वनस्पतींवर सलग ताण येतो, तोही नेमका त्या फुलोऱ्यावर किंवा बियांवर येत असताना.

परंपरेला याची जाण होती असं मानायला जागा आहे, कारण तोडण्यावर तिने पुष्कळ बंधनं घातली. सूर्यास्तानंतर पान तोडू नये. तुळस द्वादशीला आणि रविवारी तोडू नये. गणपतीला तर ती एरवी वाहतच नाहीत, वर्षातून एकदा भाद्रपद चतुर्थीला तेवढी चालते. बेल चतुर्थी, अष्टमी, नवमी, चतुर्दशी, अमावास्या, संक्रांत आणि सोमवार हे दिवस टाळून तोडायचा. सोमवारी शंकराला वाहायचा तर रविवारीच काढून ठेवायचा. आणि बेल शिळा होत नाही. वाहिलेलं पान धुऊन पुन्हा वाहता येतं, हे सांगणारी परंपरा भाविकांना माहीत असते, पण श्रावणी सोमवारी ती कुणाला आठवत नाही. भीमाशंकर, त्र्यंबकेश्वर, घृष्णेश्वर, औंढा नागनाथ, परळी वैजनाथ या पाच ज्योतिर्लिंगांच्या आवारात आणि गावोगावच्या शिवालयांत त्या दिवशी बेलाचे ढीग दर तासाला उचलून कचऱ्यात जातात. यातलं भीमाशंकर तर अभयारण्याच्या पोटात आहे. एका देवस्थानाने गाभाऱ्याबाहेर दोन मोठी घंगाळी ठेवून, वाहिलेला बेल धुऊन पुन्हा भाविकांच्या हाती द्यायचं ठरवलं, तर आठवड्याच्या तोडीतला मोठा भाग वाचेल. यात धर्माला बाध येत नाही, उलट तो पाळला जातो. तोडण्याचे नियम शास्त्राने लावले. विकत घेतलेल्या पानाला मात्र ना वार उरतो ना तिथी, कारण ते कधी तोडलं हेच घेणाऱ्याला माहीत नसतं.

आता बाजारासाठी पत्री कशी निघते ते पाहू, म्हणजे बिघाड नेमका कुठे होतो ते दिसेल. घरच्या पूजेसाठी पान खुडतात. बाजारासाठी पान खुडणं परवडत नाही. वजन आणि वेग लागतो. विष्णुक्रांतेचं पान बोटाच्या पेरापेक्षा लहान, निळं फूल शर्टाच्या बटणाहून छोटं. तिचं एकेक पान कोण खुडत बसणार? ती बुडख्यासकट उपटली जाते. तिचं मूळ जाडसर, काष्ठमय असतं आणि त्यातूनच ती पुढच्या पावसात पुन्हा फुटते; मूळ गेलं की त्या जागची वेल संपली. माका आणि आघाडा यांचं बी पावसाच्या शेवटी पिकतं. आघाड्याचं कणीस भाद्रपदात अजून कोवळं असतं, कपड्याला चिकटणारी टोकदार फळं त्यावर पुढे धरतात. आधीच उपटला तर त्या वर्षी तिथे बी पडत नाही. हे दोघे चिवट, म्हणून अजून तगून आहेत. विष्णुक्रांता तशी नाही, आणि शहरांच्या भोवतालचे माळ तर आता प्लॉटिंगमध्येच चालले आहेत.

झाडांची गत वेगळी. बेलाला काटे असतात, त्यामुळे फांदीवर चढून तीन दळांची पानं निवडण्यापेक्षा फांदीच उतरवली जाते. भर पावसात अशी कोयत्याने फाडलेली जखम लवकर भरत नाही, तिच्यात पाणी मुरतं, बुरशी लागते, आणि पुढच्या वर्षी त्या बाजूला वाळकी खुंटं दिसतात. केवड्याचं पान एक मीटरहून लांब, कडेला आणि मधल्या शिरेवर करवतीसारखे काटे. बाहेरची जुनी पात कापली तर झाडाला काही होत नाही. पण विक्रीला कोवळी, फिकट, वासाची पात हवी असते आणि ती शेंड्याच्या पोटात असते. शेंडा छाटला की ती फांदी वाढायची थांबते. ओढ्याकाठच्या केवड्याच्या बनांना आधीच काँक्रीटचे काठ नडले आहेत, त्यात ही भर. कोकणात गणपतीवर बांधायच्या माटवीला, गोव्यातल्या माटोळीला, रानातली फळंफुलं लागतात. कवंडळाची लाल फळं वेलीवरून उतरवणं ठीक. पण कळलावी जेव्हा कंदासकट येते तेव्हा पुढच्या पावसाळ्याचं फूलही आपण आजच तोडलेलं असतं. शिवाय ती सगळीच्या सगळी विषारी, कंद तर सर्वांत जास्त.

तेरड्याच्या गौरींबद्दल मात्र एवढी काळजी करायचं कारण नाही. तेरडा वर्षायू आहे, भरमसाट उगवतो, गौरी येईपर्यंत खालच्या बोंडांतलं बी तडकून उडायला लागलेलं असतं. तो मुळासकट आणायचीच रीत आहे आणि ती निभते. सरसकट सगळंच वाईट चाललं आहे, असं म्हणणाऱ्यांनी हा भेद लक्षात घ्यावा. कोणती वनस्पती उपटलेली सोसते आणि कोणती नाही, हे ठाऊक असणं म्हणजेच या सणांची जाणकारी.

नुकसानीइतकीच खोटेपणाचीही तक्रार आहे. शमी हे त्याचं ठळक उदाहरण. खरी शमी कोरड्या प्रदेशातली, राजस्थानात तिलाच खेजडी म्हणतात. तिच्या डहाळीवर पेरांच्या मध्येमध्ये छोटे काटे असतात आणि फुलांचा तुरा एकरंगी, पिवळसर. रोपवाटिकेत शमी म्हणून बऱ्याचदा दुसरंच झुडूप मिळतं. त्याच्या आखूड फांद्यांचीच टोकं काट्यासारखी होतात आणि तुरा दुरंगी असतो, अर्धा गुलाबी, अर्धा पिवळा. घेताना फुलोरा पाहिला तर फसगत होत नाही. अर्जुनाच्या पानाला देठाजवळ दोन बारीक गाठी असतात, बोटाने चाचपल्या तरी कळतात. जाईचं पान संयुक्त, सात ते अकरा पर्णिकांचं. दूर्वा म्हणजे हरळीची कोवळी टोकं, तीन किंवा पाच पात्यांची; जुड्यांत पुष्कळदा लांब, रसरशीत, वेगळ्याच गवताची भरती असते. बेलाचं पान तीन अखंड दळांचं, कीड न लागलेलं, देठाच्या टोकाची जाड गाठ काढून पालथं वाहायचं. लिंबाच्या झाडावरच्या फुलपाखराच्या अळ्या बेलावरही वाढतात, कारण दोन्ही एकाच कुळातली. म्हणून थोड्या कुरतडलेल्या बेलाला औषध मारू नये. वाहायला शेजारचं अखंड पान घ्यावं.

ही ओळख करून देणारा दुसरा प्रसंग शहरी घरात उरलेला नाही, आणि म्हणूनच ‘पत्री सोडूनच द्या, एक फूल पुरे’ या सुधारकी सल्ल्याशी मी सहमत नाही. फूल वाहून पूजा होते, यात वाद नाही. पण ज्या मुलाने डोरलीच्या पानाच्या शिरेवरचा काटा स्वतः बोटाने अनुभवला, त्याला पुढे सोसायटीच्या मागच्या पडीक तुकड्यावर काय उगवलं आहे ते दिसतं. ज्याने वाटा विकत आणला त्याला ते फक्त गवत वाटतं, आणि तणनाशक फवारणाऱ्याला तो अडवत नाही. पत्री गेली तर या एकवीस झाडांची बाजू घेणारं घरात कुणी उरणार नाही.

पूजेनंतरच्या प्रवासाबद्दल दोन समज दरवर्षी पसरतात, दोन्ही घातक. पहिला, पत्री औषधी असल्यामुळे ती नदी-तलावात सोडली की पाणी शुद्ध होतं. असं काही होत नाही. पाण्यात पाला कुजताना विरघळलेला प्राणवायू खर्च होतो. वाहत्या नदीत हे पटकन जाणवत नाही, पण गावतळ्यात किंवा विहिरीत दीड दिवसाच्या विसर्जनानंतर पाण्याला वास सुटतो, मासे वर येऊन तोंड उघडमिट करू लागतात. झाड औषधी असलं म्हणून त्याचा कुजलेला पाला औषधी होत नाही. दुसरा समज, निर्माल्य गायीला घालावं, पुण्य लागतं. निर्माल्यात कण्हेर असते, धोतरा असतो, रुई असते. कण्हेरीची थोडी पानंसुद्धा जनावराच्या हृदयावर परिणाम करतात. गाय दगावू शकते. वाळलेली कण्हेर तर जास्तच धोक्याची, कारण विषार तसाच राहतो आणि कडूपणा कमी झाल्याने जनावर ती खातं. निर्माल्य गोठ्यात जाता कामा नये. घरातही पत्री निवडताना लहान मुलं दूर ठेवावीत, रुईचा चीक डोळ्याला लागू देऊ नये आणि धोतरा-कण्हेर हाताळल्यावर हात धुऊन मगच नैवेद्याला लागावं.

खतात मात्र हे सगळं चालतं. हारांचे दोरे, जरी, प्लास्टिकची फुलं, अगरबत्तीचे पुडे आधी काढायचे. फुलं जवळजवळ पाणीच असतात, नुसती साठवली तर दोन दिवसांत चिखल होऊन माश्या धरतात. म्हणून एक भाग फुलं-पत्रीला दोन भाग वाळका पालापाचोळा, असे वीतभर जाडीचे थर, मध्ये मूठभर जुनं खत किंवा शेणकाला. आठवड्यातून एकदा खालवर करायचं, पिळून पाहिलं तर थेंब न पडता हात ओला व्हावा इतकीच ओल ठेवायची. पावसाळ्यात ढिगावर आडोसा हवाच, नाहीतर पाणी साचून ढीग आंबतो. दीड-दोन महिन्यांत खत होतं. केवड्याच्या पाती आणि नारळाच्या शेंड्या तेवढ्या मागे राहतात, त्या आधीच बारीक कापाव्यात किंवा वेगळ्या काढाव्यात.

या लेखातल्या म्हणण्यावर सर्वांत वजनदार आक्षेप पत्री विकणाऱ्यांच्या पोटाचा आहे, आणि तो झटकून टाकण्यासारखा नाही. मुंबई-पुण्याच्या बाजारात बसणाऱ्या बाया पुष्कळदा कातकरी, ठाकर, महादेव कोळी समाजातल्या असतात. भाद्रपद हा त्यांच्या वर्षातला ओढीचा काळ. भाताची लावणी संपलेली, कापणीला अजून वेळ, हाताला मजुरी नाही. पत्री, दूर्वा, तेरडा, रानभाज्या यांतून जे चार दिवस रोख पैसे येतात ते त्या घरात फार मोलाचे असतात. शहरातल्यांनी पर्यावरणाच्या नावाने तो वाटा घेणं बंद केलं आणि त्याच दिवशी थर्माकोलऐवजी महागडी कागदी मखर घेतली, तर त्यात न्याय नाही. त्यामुळे पत्रीविक्रीवर बंदी, पदपथावरून उचलबांगडी, असले उपाय मला मान्य नाहीत.

पण सध्याची रीत या बायांच्याही हिताची नाही. गोणभर पाला कुजू नये म्हणून त्या आदल्या रात्रीच्या गाडीने येतात, पावसात पदपथावर झोपतात, दुपारनंतर उरलेला माल काळा पडून तिथेच टाकून जातात. ओला पाला गोणीत दाबला की आतून तापतो आणि सर्वांत आधी तुळस आणि मरवा काळवंडतात. मालाला नाव नसल्यामुळे भावही पाल्याचाच मिळतो. तेच एकवीसपैकी पंधरा खरी पानं, प्रत्येक जातीची स्वतंत्र छोटी जुडी, केळीच्या किंवा पळसाच्या पानात बांधलेली, नाव लिहिलेली अशी आली तर तिची किंमत कितीतरी पट मिळेल आणि तोडही कमी होईल. वनहक्क कायदा २००६ ने गौण वनउपज गोळा करण्याचा आणि विकण्याचा हक्क या समाजांना दिला आहे. त्याच कायद्याने जैवविविधता राखण्याचा अधिकार ग्रामसभेला दिला आहे. हे दोन्ही हातात असताना ग्रामसभेने पत्रीचे नियम स्वतः ठरवावेत. कोणत्या झाडाची फांदी न मोडता पानं खुडायची, माळाचा कोणता भाग एका वर्षाआड राखायचा, विष्णुक्रांता आणि कळलावी विक्रीला न्यायचीच नाही, आघाडा कापायचा पण उपटायचा नाही. वरून वनखात्याने लादलेल्या नियमापेक्षा हा नियम टिकेल, कारण पुढच्या वर्षीचा माल त्यांचाच आहे. आणि रोपं तयार करण्याचं कामही त्यांच्याकडेच जावं. शमी, बेल, अर्जुन ओळखणारी नजर ज्यांच्याकडे आहे त्यांनी रोपं वाढवून पालिकांना आणि सोसायट्यांना विकावीत. चार दिवसांऐवजी चार महिने काम मिळेल.

शहरात काय शक्य आहे त्याचा हिशेब फार अवघड नाही. शंभर घरांच्या सोसायटीत प्रत्येक घरी पूजा धरली तरी एका जातीची शंभर पानं लागतात. दहा-बारा वर्षांचा एक बेल ती सहज देतो आणि झाडाकडे पाहून कळतही नाही. दूर्वा एकवीसच्या हिशेबाने एकवीसशे. चार-पाच चौरस मीटरचा उन्हातला वाफा पुरतो, फक्त आषाढात एकदा कापून घेतला तर भाद्रपदात कोवळी टोकं मिळतात, नाहीतर पात्या राठ होतात. हादगा बियांपासून वर्षभरात डोक्यावर जातो, पण तो अल्पायुषी आणि वाऱ्यात मोडणारा, म्हणून गाड्यांच्या जागेपासून दूर लावावा. कण्हेर, जाई, डाळिंब छाट कलमावर येतात, आषाढात लावली की जगतात. डाळिंब मोठ्या पिंपात चालतं. मरवा कुंडीत आणि वळचणीला हवा. कोकणपट्टीच्या पावसात उघड्यावर तो कुजतो. शमीला पाणी साचलेलं खपत नाही, उंचवट्यावर खडकाळ माती द्यावी. तिच्या बियांचं कवच कठीण असतं, गरम पाण्यात घालून रात्रभर भिजवल्याशिवाय उगवण नीट होत नाही. माक्याला गच्चीच्या पाण्याचा पाइप उतरतो ती ओली जागा द्यावी. आघाडा, डोरली आणि धोतरा लावावे लागत नाहीत. कुंपणाच्या एका कोपऱ्यात माळ्याला खुरपणी करू नको असं सांगितलं की पुरे. धोतरा आणि कण्हेर मुलांच्या खेळायच्या बाजूला नकोत. पिंपळ इमारतीजवळ मुळीच लावू नये, त्याची मुळं भिंत फोडतात. पण जुन्या भिंतीत, गटाराच्या कठड्यात उगवलेली पिंपळाची रोपं काढायचीच असतात, पूजेची पानं तिथून घ्यावीत.

राहिले अर्जुन, केवडा, बोर. त्यांना जागा लागते, म्हणून ती प्रभागातल्या उद्यानात आणि नदीकाठच्या पट्ट्यात लावणं हे पालिकेचं काम. महाराष्ट्रातल्या नागरी भागांत १९७५ च्या वृक्षसंरक्षण कायद्याखाली वृक्ष प्राधिकरणं आहेत, रोपवाटिका आहेत, दर पावसाळ्यात लागवडीचे कार्यक्रम आहेत. त्या लागवडीत परदेशी शोभेच्या झाडांइतकी तरी ही झाडं असावीत, आणि प्रत्येकावर नावाची पाटी. मात्र सणाच्या आदल्या दिवशी बाग उघडी टाकून ‘घ्या तोडून’ म्हणणं चुकीचं ठरेल. पहाटे कुणाच्या तरी अंगणातला बेल ओरबाडणारी माणसं आपल्याला परिचित आहेत. बागेचीही तीच गत होईल. बागेच्या कर्मचाऱ्यांनी सकाळी शिडी आणि कात्रीने मोजकी छाटणी करून, जातवार टोपल्या मांडून, घरटी एकेक पान द्यावं. विसर्जनघाटावर निर्माल्य कलश ठेवायला माणसं मिळतात, तर दोन दिवस आधी पानं द्यायलाही मिळतील. सार्वजनिक मंडळांनी सहस्र दूर्वार्चनासारखे संकल्प करताना वाफा आधी लावावा, ट्रकने दूर्वा मागवू नयेत.

गुरुजींचा शब्द घराघरांत मानला जातो, त्यामुळे त्यांच्याकडून एकच अपेक्षा. यादी सांगताना ‘एकवीस पत्री आणून ठेवा’ असं मोघम न सांगता, ‘तुमच्या आवारात ओळखीची जी असतील ती आणा, न मिळेल तिथे अक्षता वाहू’ असं सांगावं. पूजेत नाम घेताना पान हातात धरून दाखवावं. घरच्यांनी पानं चतुर्थीच्या आदल्या सकाळी, दव उतरल्यावर खुडावीत, पाणी झटकून ओलसर सुती फडक्यात सैल गुंडाळावीत; तुळस कोरडी आणि वेगळी ठेवावी, बेल तर हरितालिकेला वाहिलेलाच धुऊन दुसऱ्या दिवशी घ्यावा. सोसायटीची वार्षिक सभा होते तेव्हा बागेच्या खर्चाच्या बाबीत या रोपांची मागणी घालावी, म्हणजे माती, खड्डे आणि रोपं पावसाआधी हाताशी असतात आणि मृग लागला की लागवड होते. दूर्वा, माका, तुळस, मरवा पहिल्याच भाद्रपदात पानं देतात, कण्हेर, जाई आणि हादगा दुसऱ्या, शमी आणि बेलाला चार-पाच वर्षं हात लावू नये.